पायी सहलीचा पाठ : आंबोलीच्या घाटापासून शिरोड्याच्या किनाऱ्यापर्यंत



बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या गाडीत बसले की तीन-साडेतीन तासांत समुद्र येतो. वाटेत आंबोली लागते, घाटाची वळणे लागतात, कुणाला गाडी लागते आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेर नारळीची झाडे दिसू लागतात. सहलीच्या वहीत आपण लिहितो, "घाटाचे दृश्य नयनरम्य होते." त्यापलीकडे लिहिण्यासारखे हाती काही लागलेले नसते, कारण पाहायला वेळच मिळालेला नसतो.

हाच प्रदेश सहा-सात दिवसांत, बराचसा पायी, जाणत्या वाटाड्याबरोबर पाहिला तर काय शिकता येईल आणि त्यासाठी काय तयारी लागेल, याचा हा पाठ आहे. पायी सहल ही काही नवी कल्पना नाही. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्था डोंगरात आणि किनाऱ्यावर अशा पदभ्रमण मोहिमा अनेक वर्षे काढत आल्या आहेत. आपल्याला तर घाट आणि समुद्र दोन्ही एका दिवसाच्या अंतरावर आहेत.

हा पाठ मुलांसाठी आहे, तसाच पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठीही आहे. त्याचे कारण शेवटी येईल.

मार्ग कसा आखावा?

पहिल्या दिवशी एस.टी.ने आंबोलीस जावे आणि दुपारी हिरण्यकेशीचे उगमस्थान पाहावे. दुसरा दिवस आंबोलीच्या सड्यावर आणि महादेवगडाच्या कड्यावर घालवावा. तिसऱ्या दिवशी जुन्या वाटेने पारपोलीच्या बाजूला घाट उतरावा. चौथ्या दिवशी दाणोलीवरून सावंतवाडी गाठावी आणि मोती तलाव व लाकडी खेळण्यांचे कारागीर पाहावेत. तेथून एस.टी.ने वेंगुर्ले. पाचवा दिवस वेंगुर्ल्याचे बंदर आणि जुनी डच वखार यांसाठी ठेवावा. सहाव्या दिवशी मोचेमाड, आरवली, शिरोडे असा किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करावा. सातव्या दिवशी शिरोड्याची मिठागरे पाहून परत फिरावे.

ऋतू हिवाळ्याचा हवा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात आंबोली सुंदर दिसते हे खरे, पण निसरड्या उतारावर मुलांची रांग नेण्याचा तो काळ नव्हे.

घाट वाचायला शिकू या

प्रथम एक प्रश्न. बेळगावहून आंबोलीला जाताना आपण वर जातो की खाली? बहुतेक जण "वर" असे उत्तर देतील, कारण आंबोली हे थंड हवेचे ठिकाण आहे. प्रत्यक्षात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर! म्हणजे आंबोली हा आपल्यापेक्षा उंच असलेला डोंगर नाही; आपण ज्या पठारावर राहतो त्याचीच ती पश्चिमेकडची कड आहे. त्या कडेवर उभे राहिल्यावर समोर जी खोल दरी दिसते, ते कोकण. घाट "चढायचा" असतो तो कोकणातल्या माणसाने. आपण तो फक्त उतरतो. ही एक गोष्ट नकाशात वाचून कळते, पण गुडघे दुखू लागल्यावर ती विसरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. हिरण्यकेशीला गुहेतून झरा वाहतो. समुद्र तेथून पश्चिमेला इतका जवळ असूनही हे पाणी त्याच्याकडे जात नाही. ते पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, गोकाकच्या धबधब्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. त्याच आंबोलीच्या पश्चिम कड्यावरचा थेंब मात्र काही तासांत कोकणात उतरून अरबी समुद्राचा रस्ता धरतो. दोन थेंब शेजारी पडतात आणि दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. अशा रेषेला जलविभाजक म्हणतात. गोकाकचा धबधबा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्याच्या पाण्याचे एक मूळ कोठे आहे, हे पाहणेही आपल्या अभ्यासाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट पावसाची. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस ओततात. आंबोलीचा वार्षिक पाऊस ७०० सेंटिमीटरच्या घरात जातो. बेळगावात तो सुमारे १३० सेंटिमीटर असतो आणि पुढे गोकाककडे आणखी कमी होत जातो. एवढा फरक सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. चालणाऱ्याला तो झाडांवरून कळतो. आंबोलीत खोडांवर शेवाळ आणि आमरी असतात, तर पूर्वेला बाभळी दिसू लागतात.

चौथी गोष्ट दगडाची. घाटाच्या कड्यात दिसतो तो काळा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सड्यावर त्याच्या माथ्यावर तांबड्या जांभ्याची टोपी आहे. जोरदार पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडकातील विरघळणारे घटक धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तो हा जांभा. जमिनीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवेत राहिला की कठीण होतो. खाली कोकणात उतरल्यावर घरे, गडगे, विहिरी, पाखाड्या सगळे याच चिऱ्याचे दिसेल. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये या खडकाला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले.

पायाखाली कोण राहते?

हिरण्यकेशीच्या कुंडात एक लहानसा मासा आहे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे नवी जाती म्हणून वर्णन केले आणि नदीवरूनच त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव दिले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. गावाने देवाचे पाणी म्हणून ते कुंड जपले, म्हणून मासा टिकला. त्यात साबणाचे हात धुणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

सड्यावर 'आंबोली टोड' नावाचा छोटा भेक राहतो. २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. जगात तो आंबोलीच्या परिसराबाहेर फारसा कुठे सापडलेला नाही. पहिल्या पावसात तो कातळावरच्या अगदी उथळ डबक्यांत अंडी घालतो, एरवी दगडांखाली लपतो. आपल्याला जे साचलेले पाणी वाटते, ते त्याचे सूतिकागृह असते. म्हणून सड्यावर दगड उलथायचे नाहीत आणि ऋतू कोणताही असो, डबक्यात पाय टाकायचा नाही.

ही वाट कुणी पाडली?

बेळगाव आणि कोकण यांच्यामध्ये लमाणांचे बैल चालत असत. वर मीठ, नारळ, सुकी मासळी येई. खाली धान्य आणि गूळ जाई. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ले बंदरात उतरे आणि घाट चढून येई. सुरुवातीला रामघाटाची अवघड वाट वापरात होती. १८६० च्या दशकाच्या अखेरीस पारपोली घाटाचा गाडीरस्ता झाला आणि त्यावर मुक्कामाचे ठिकाण म्हणून आंबोली वाढली. कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटने तिला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस बेळगावला रेल्वे पोहोचली, माल मुरगाव बंदराकडे वळला आणि वेंगुर्ले मागे पडले. आज आपण मौजेसाठी जी वाट उतरणार, ती एके काळी आपल्या गावाच्या स्वयंपाकघरात मीठ आणणारी वाट होती.

मिठाचा हा धागा सहलीच्या शेवटी पुन्हा हाती येतो. शिरोड्याच्या मिठागरांत १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच गावातील शाळेत शिक्षक होते. १९२० ते १९३८ ही त्यांची शिरोड्यातील वर्षे. 'ययाति' या त्यांच्या कादंबरीला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मोठा लेखक होण्यासाठी मोठ्या शहरातच असावे लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी शिरोडे अवश्य पाहावे.

अलीकडे आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. तेथे भाविक देवाला मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. या गावचा देवसुद्धा आपली हद्द पायी फिरून ओळखतो.

वाटाड्या कशासाठी?

आता पाठाचा मुख्य भाग. नकाशा आहे, मोबाइल आहे, शिक्षक आहेत, मग वाटाड्या कशाला? रस्ता चुकू नये म्हणून, असे उत्तर कुणीही देईल. ते अपुरे आहे.

नकाशा वाट दाखवतो. आजची वाट दाखवत नाही. परवाच्या अवकाळी पावसाने कोणत्या व्हाळाची कड ढासळली, कोणत्या कड्याला आग्या मोहोळ बसले आहे, गव्यांचा कळप सकाळी कोणत्या बाजूला चरत होता, हे त्या गावात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. तो पुढे थांबून नुसता हात वर करतो आणि रांग थांबते. मोहोळाजवळ अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको, गवा दिसला तर जागीच शांत राहून त्याला वाट द्यायची, ही ज्ञाने पुस्तकातही आहेत. पण ती नेमकी कोणत्या वळणावर आठवायची, ते वाटाड्या सांगतो.

त्याच्याबरोबर शब्दही मिळतात. सडा, व्हाळ, कोंड, पाखाडी, गडगा, राई असे शब्द त्याच्या तोंडून ऐकून वहीत टिपून घ्यावेत. आपली मराठी घाटमाथ्याची, त्यांची मालवणी. एकाच भाषेच्या दोन अंगणांतून जाण्याची ही संधी आहे. त्यांना "अहो काका" म्हणावे, चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकावे.

चालण्याचे नियम थोडके आहेत. सर्वांत पुढे वाटाडे काका, सर्वांत शेवटी एक शिक्षक. पुढच्याच्या पुढे आणि शेवटच्याच्या मागे कुणीही नाही. वेग ठरवतो तो गटातील सर्वांत हळू चालणारा विद्यार्थी. दर विश्रांतीला मोजणी. अंतर आणि वेळ यांचा हिशोब आदल्या रात्री फळ्यावर मांडायचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा सोपा आहे : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, सड्यावरची फेरी ९ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ३०० मीटर. अंतराचे १ तास ४८ मिनिटे, चढाची ३० मिनिटे, एकूण २ तास १८ मिनिटे. हा हिशोब सराईत प्रौढाचा आहे. मुलांच्या गटासाठी त्याची दीडपट धरा आणि विश्रांती वेगळी मिळवा, म्हणजे चार तास. सूर्य मावळण्याच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचायचे असेल, तर निघायचे केव्हा, हे त्यावरून उलटे काढायचे.

समुद्राचे वेळापत्रक

किनाऱ्यावर चालायचे तर घड्याळाइतकेच पंचांग लागते. भरती-ओहोटीचा क्रम रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकतो, कारण तो चंद्रावर चालतो. कोकणातील दर्यावर्दी लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे : तिथीला तीनने गुणावे आणि चाराने भागावे, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. ओहोटी तिच्या सुमारे सहा तास आधी-नंतर, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास. त्या वेळी ओली, घट्ट पुळण चालायला मिळते आणि ऊनही चढलेले नसते. म्हणून आपल्या सहलीचा किनाऱ्याचा दिवस तृतीया ते पंचमीच्या आसपास यावा, अशी तारीख ठरवावी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर येते आणि खूप मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. हा हिशोब अंदाजापुरता. शेवटचा शब्द त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराचा.

आता सर्वांत महत्त्वाचे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या दांड्यांमधली एखादी अरुंद फट शोधते आणि तेथून जोराने आत ओढले जाते. हा परतीचा ओढा वरून भीतिदायक दिसत नाही. उलट, दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि किंचित गडद दिसतो, आणि नवखा माणूस शांत पाणी पाहून नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नये; माणूस दमून बुडतो तो त्यामुळे. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन त्या पट्ट्याबाहेर पडावे. बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याने नुसती उडी घेऊ नये; दोर, रिकामा कॅन, फळी फेकावी. पोहण्याच्या तलावात पदके मिळवलेल्यांनाही हे लागू आहे.

पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी

१५ एप्रिल २०१७ या दिवशी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला गेलेले आठ जण बुडाले. आपल्या गावातील कितीतरी घरांत त्यानंतर "समुद्र नको" हे वाक्य कायमचे झाले आहे. ती भीती खोटी नाही आणि तिला कुणी भित्रेपणा म्हणू नये.

पण त्या भीतीवर सहल बंद करणे हा उपाय ठरेल का, याचा शांतपणे विचार व्हावा. शाळेने नेले नाही तरी अठराव्या वर्षी मुले मित्रांबरोबर जाणारच आहेत. वेंगुर्ले, मालवण आणि गोवा आपल्याला इतके जवळ आहेत की त्यांना थांबवणे कुणाच्या हाती राहणार नाही. त्या दिवशी त्यांच्याबरोबर शिक्षकही नसतील आणि पालकही नसतील. तेव्हा शांत पट्ट्याचा अर्थ त्यांना ठाऊक असेल की नाही, आणि गावचा माणूस "आज नको" म्हणाला तर ते ऐकण्याची सवय त्यांना लागलेली असेल की नाही, एवढाच प्रश्न उरतो. ही सवय वर्गात लागत नाही. जाणत्याच्या मागे चार दिवस चालल्याने लागते.

म्हणून विश्वस्तांना विनंती की खर्चाला कात्री लावायची झाल्यास ती जेवणाच्या पंगतीला लावावी, वाटाड्याला लावू नये. दहा-बारा मुलांमागे एक स्थानिक वाटाड्या, किनाऱ्यावर दोर आणि तरंगणारी साधने यांसह दोन मच्छीमार, प्रथमोपचार जाणणारे शिक्षक, वनखात्याची परवानगी आणि विमा, हे आधी, बस किती आरामाची हे नंतर. पालकांना विनंती की मुलाचा दमा, फेफरे, ॲलर्जी यांची माहिती संकोच न करता लिहून द्यावी. सहलीपूर्वी महिनाभर मुलांना रोज तासभर चालवावे. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत.

आणि एक नियम सर्वांसाठी, लेखी. वाटाडे काका "थांबा" म्हणाले की गट थांबतो. ते "परत" म्हणाले की गट परत फिरतो. एस.टी. चुकली, कार्यक्रम बुडाला, जेवण थंड झाले तरी चालेल. या बाबतीत विद्यार्थी, शिक्षक, मुख्याध्यापक आणि सोबत आलेले विश्वस्त यांच्यात भेद नाही. मोठ्यांनी मुलांसमोर हा शब्द एकदा पाळून दाखवला, तर निम्मा पाठ तिथेच शिकवून होतो.

स्वाध्याय

१. घरातील सर्वांना विचारा : बेळगाव उंच की आंबोली? किती जणांनी बरोबर उत्तर दिले ते लिहा.

२. हिरण्यकेशीच्या उगमापासून बंगालच्या उपसागरापर्यंतच्या पाण्याचा प्रवास नकाशात निळ्या रेघेने दाखवा. लागणाऱ्या गावांची नावे लिहा.

३. फेरी १२ किलोमीटरची आणि चढ ४५० मीटरचा असल्यास नेस्मिथच्या ठोकताळ्याने किती वेळ लागेल? मुलांच्या गटासाठी दीडपट करून सांगा.

४. पंचांग पाहून येत्या जानेवारीतील असे दिवस शोधा, ज्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी असेल.

५. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा : एस.टी. सोयीची होण्यापूर्वी कोकणातून आपल्या घरी काय काय येत असे, आणि कोणत्या घाटाने?

६. समुद्राच्या परतीच्या ओढ्याचे चित्र काढा. शांत पट्टा कोणता, वाचण्याची दिशा कोणती, हे बाणांनी दाखवा. चित्र घरातल्या भिंतीवर लावा आणि ते सर्वांना समजावून सांगा.